लोणावळ्याचे मध्यवर्तुळ काबीज जाहले त्याची हकीकत

श्री.

शके अठराशे अठ्ठावन्न, धातृनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी कसबे लोणावळे येथे मध्यवर्तुळाविषयी थोर मोहीम जाहली, आणि तीत रक्त सांडले नाही, करवंदे मात्र फार सांडली, आणि उभयपक्षी नामांकित माणसे होती. ऐसियास ती हकीकत काळाचे उदरी गडप होऊ नये, सबब ज्यांनी ती डोळां पाहिली त्यांस पुसोन, ज्यांनी पाहिली नसता पाहिली म्हणोन सांगितली त्यांसही पुसोन, दोहोंतील जे जुळले ते येथे लिहिले असे.

मौजे कान्हे, प्रांत मावळ, येथे रखमाजी म्हणोन जमीनजुमला राखोन असणारा कुणबी गृहस्थ होता. त्याचे पोटी महिपती म्हणोन पुत्र जाहला. तो लहानपणापासोन बुद्धीचा तल्लख, आणि मग पुण्यास शिकला, आणि मग एका संस्थानिक महाराजांची मर्जी होऊन शिष्यवृत्तीवर समुद्र लंघोन अमेरिकाखंडी शिकागो शहरास गेला. त्या शहरी नगरविद्येचे एक मशहूर पीठ आहे. तेथील आचार्यांनी दोन उपदेश जगास केले. पहिला ऐसा की, शहर म्हणजे तळ्यात धोंडा पडला असता उठतात तैशी वर्तुळे. मध्यभागी पेढ्या व दुकाने, त्याबाहेर दुसऱ्या वर्तुळी नुकते आलेले गोरगरीब, जेथे सर्व घडी विस्कटलेली, त्याबाहेर कामकरी लोक, त्याबाहेर बंगलेवाले धनवंत, आणि सर्वांबाहेर रोज आगगाडीने येणारेजाणारे. दुसरा उपदेश ऐसा की, शिष्याने प्रथम पायी हिंडावे, लोकांत बसावे, त्यांचे ऐकावे, विजारी मळवाव्या, मग लिहावे. महिपतीने दोन्ही उपदेश मुखोद्गत केले. परंतु पहिल्यास कंपास व शाई इतकेच साहित्य लागते आणि दुसऱ्यास माणसे लागतात, सबब येते समयी पहिलाच उपदेश पेटीत भरोन आणिला.

कान्ह्यास स्वारी दाखल जाहली तेव्हा अवघा गाव पाहावयास लोटला. रखमाजीने लेकास ओसरीवर बसवोन विचारिले, "येवढी वर्सं तितं काय शिकलास?"

"शहरं कशी वाढत्यात ते, आबा."

"ती आपली आपण वाडत्यात न्हवं? मंग त्यात शिकायचं काय?"

यास महिपतीपाशी उत्तर होते, परंतु ते इंग्रजीत होते. मग वर्षभर पुण्यामुंबईस नोकरीची खटपट केली, ती निष्फळ जाहली, कारण जो तो म्हणे की विद्या थोर आहे, परंतु तिचे येथे काम काय. आणि महिपतीस गावात तोंड दाखविणे कठीण जाहले.

ते समयी लोणावळ्यास बजरंगराव ठेकेदार म्हणोन मातबर आसामी होती. धरणांच्या बांधकामी दगडचुना पुरवोन त्यांनी दौलत जोडिली, तुंगार्लीच्या रस्त्यावर बंगला बांधिला, आणि इतर बंगलेवाले जमवोन हवापालट सुधारणा मंडळी नावाची सदर स्थापिली. आपण अध्यक्ष जाहले. बजरंगरावांचे मनी एकच ध्यास होता की, ठेसणासमोर जांभळीचे झाड आहे, ते जागी कारंजे उभारावे, म्हणजे मुंबईची साहेबसुभा मंडळी गाडीतून उतरताच थक्क व्हावी. पुण्याहून बिडाचे कारंजे आणविले, त्यावर तीन मासे तोंड वर करोन बसविलेले. जांभळीखालची जमीन मंडळीने भाडेपट्ट्याने मिळविली. परंतु तेथे पूर्वापार बायका विकावयास बसत. कान्ह्याहून सकाळच्या गाडीने कस्तुराबाई दूध आणि भाजी आणीत. डोंगरावरील ठाकरवाडीतून सावित्राबाई आणि तिची जाऊ येसू डोईवर करवंदांच्या पाट्या घेऊन उतरत. त्यांस उठवावे तर लोक नावे ठेवितील, सबब काही सबळ कारण पाहिजे, या विवंचनेत बजरंगराव असता महिपतीचे वर्तमान कानी आले.

मग त्यांनी मोठ्या सन्मानाने बोलावोन शालजोडी दिली, महिपतराव ऐसे संबोधिले, नगरशास्त्री हे पद दिले, आणि ठेसणासमोरील मंडळीच्या माडीवर खिडकीपाशी बैठक दिली. महिपतरावांनी लोणावळ्याचा नकाशा भिंतीस डकविला आणि ठेसणाच्या दारी कंपासाचे टोक रोविले. कस्तुराबाई ही त्यांची सख्खी चुलती, नित्य त्याच खिडकीखाली बसे, परंतु नकाशावर ती कोठे दिसेना.

वर्तुळे काढू जाता प्रथमच संकट उभे राहिले. उत्तरेकडे वर्तुळ धरणाच्या पाण्यात पडे, आणि पश्चिमेस तर कडाच तुटलेला, सबब तेथील धनवंतांची वस्ती शास्त्राप्रमाणे अधांतरी लोंबकळोन खाली कोकणात उतरे. दुसरा कोणी असता तर खचला असता. परंतु महिपतरावांस स्मरण जाहले की, शिकागो शहरही सरोवराकाठी आहे आणि तेथील आचार्यांचीही अर्धी वर्तुळे पाण्यात बुडाली असता त्यांची कीर्ती बुडाली नाही. तेणेकरोन धीर येऊन काम पुरे केले. दुसरे वर्तुळ नेमके जांभळीवरोन गेले. तेथे त्यांनी तांबड्या शाईने 'विस्कटलेले' इतकीच अक्षरे लिहिली.

बजरंगरावांनी ती वाचिली आणि परम संतोष पावले. म्हणाले, "म्हणजे हे शास्त्रच म्हणते की यांना हलवा."

महिपतराव म्हणाले, "शास्त्र तसं म्हणत नाही. काय आहे एवढंच ते सांगतं."

"काय आहे ते कळलं. काय करायचं ते आम्ही बघतो," ऐसे बोलोन बजरंगराव जिना उतरले. आणि महिपतराव, जे पुढे बोलावयाचे ते पोटात ठेवोन, नवी मिळालेली खुर्ची मोडू नये या विचारे बसोन राहिले.

दुसरे दिवशी मंडळीचा पट्टेवाला कोंडाजी यास ढोलकासहित पाठवोन फर्मान पुकारिले की, जांभळीखालील वस्ती शास्त्राप्रमाणे विस्कटलेली ठरली आहे, सबब तेथील बायकांनी येत्या सोमवारी आपले बाडबिस्तर उचलोन जागा खाली करावी, न केल्यास मंडळी उचलील. बायकांनी ऐकिले. सावित्राबाईने पाटीवरची पाने नीट केली. कस्तुराबाईंनी कोंडाजीस पुसिले की हे शास्त्र कोणाचे.

"तुमच्याच म्हैपतीचं," कोंडाजी बोलला. "वर माडीवर भिताडावर लिवलंय. तांबड्या शाईनं."

कस्तुराबाईंनी दुधाची चरवी येसूच्या हवाली केली, आणि पदर खोचोन, जातीने माडीवर चाल केली. महिपतराव चुलतीस पाहोन उठोन उभे राहिले. कस्तुराबाई नकाशासमोर जाऊन बराच वेळ पाहत राहिल्या, कारण अक्षरओळख नव्हती, परंतु तांबडे कोठे आहे ते दिसत होते.

"ह्यो डाग म्हंजी आमी व्हय?"

"काकी, ते तुला न्हाई म्हटलेलं. वस्तीला म्हटलंय."

"वस्ती म्हंजी कोन? हितं मी बसते. ही सावित्रा बसते, येसू बसते. आमच्यातलं कोन इस्कटलंय, त्याला हात लावून दाव."

महिपतरावांनी नकाशावर बोट ठेविले आणि मागे घेतले. मग त्या म्हणाल्या, "हितनं दावता येत न्हाई तर खाली ये आन् दाव." आणि उतरोन गेल्या.

ते क्षणी महिपतरावांचे मनी आचार्यांचा दुसरा उपदेश उभा राहिला, आणि मोठी शरम वाटली, आणि मग कोट काढोन, खुर्ची सोडोन, जांभळीखाली जाऊन मातीत बसले. तेथे जे पाहिले ते त्यांस नवलाचे वाटले. सावित्राबाईस डोंगर उतरावयास विलंब लागे, तर कस्तुराबाई तिच्या जागी दगड ठेवीत आणि तो दगड कोणी हलवीत नसे. उतारू आपली गाठोडी या बायकांपाशी टाकोन तिकिटास जात. वाडीवर दुखणेकरी असला तर औषध आणावयाचा निरोप येथे पोचे, आणि कान्ह्याच्या एका मुलीची सोयरीक पुण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या दोघा वऱ्हाड्यांनी याच झाडाखाली जुळविली होती. सावित्राबाई प्रथम त्यांशी बोलेना. मग आपण होऊन म्हणाली, "करवंद वैशाकात येतंय, आन् पाऊस लागला की ग्येलं. तेवड्यात आमचं वरसाचं मीठ, आन् पोरीला लुगडं. आमाला उटवायचं तर पावसात उटवा, आमी आपसूकच उटतो."

हे महिपतरावांनी जाऊन बजरंगरावांस निवेदन केले आणि फर्मान मागे घ्यावे ऐसी विनंती केली. बजरंगरावांनी फर्माविले की, मासे बसवावयास सोमवारचा मुहूर्त धरिला आहे.

सोमवारी मंडळीचे सैन्य चालोन आले. पुढे कोंडाजी, मागे कुदळी घेतलेले गडी, त्यामागे बैलगाडीत निजविलेले तीन मासे, आणि सर्वांमागे छत्री घेऊन बजरंगराव. बायकांनी पाट्यांपुढे ठाण मांडिले. गड्यांनी प्रथम हात जोडोन विनविले, मग पाट्या उचलोन बाजूस ठेवू लागले, आणि त्या ओढाताणीत सावित्राबाईची पाटी उपडी जाहली आणि पहाटेपासोन काटे सोसोन तोडलेली सारी करवंदे रस्त्यावर पसरली, आणि तोच एक टांगा त्यावरोन गेला. कोंडाजीने मान खाली घातली. सावित्राबाई खाली बसली आणि धुळीतून जी धड होती ती वेचू लागली. महिपतराव शेजारी गुडघे टेकोन वेचू लागले, तेव्हा विलायती पांढऱ्या विजारीस करवंदांचा चीक आणि काळा रस लागोन ती कायमची खराब जाहली.

"ऱ्हाऊ द्या," सावित्राबाई म्हणाली. "तुमचं न्हाई हे काम."

"माझंच हाय," महिपतराव म्हणाले. "मीच लिवलं ते."

तिने त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि पाटी त्यांच्या बाजूस सरकविली.

ऐसा बायकांचा पराभव जाहला. रस्त्याकडेस उन्हात बसल्या, तेथोनही त्यांस उठविणे कोंडाजीस भाग पडले. कारंजे उभे राहिले. संध्याकाळी मंडळीची सभा भरली, तीत बजरंगरावांनी महिपतरावांस विचारिले की, या बायका आता रस्तोरस्ती बसतील, तर यांस शास्त्राप्रमाणे कोठे टाकावे. इतर सभासद म्हणाले, जितके दूर तितके उत्तम.

महिपतरावांनी नकाशाकडे पाहिले. त्यांस ठाऊक होते की, आता जे बोलू त्याने खुर्ची जाणार आणि कान्ह्यास रिकाम्या हाती परतावे लागणार. मग सावकाश म्हणाले, "अगदी बाहेरच्या वर्तुळात द्या. वडाखाली जागा आहे. रस्ता सरकारी आहे, कुणाची हरकत येणार नाही." आणि नकाशावर बोट ठेविले. कारंज्यापाशी फोटोग्राफर खोळंबला होता, सबब बजरंगरावांनी बोट कोठे आहे ते न पाहता ठरावावर सही केली, मंडळीचा शिक्का उमटविला, आणि माशांशेजारी उभे राहावयास गेले.

तो वड तुंगार्लीच्या रस्त्यावर, बजरंगरावांच्या बंगल्याच्या फाटकासमोर होता.

दुसरे दिवशी पहाटे बायकांनी कूच करोन वडाखाली मोर्चे बांधिले. पहिले दिवशी फार थोडे गिऱ्हाईक आले. सावित्राबाई उरलेली करवंदे घेऊन डोंगर चढली तेव्हा महिपतरावांस वाटले की आपली मसलत फसली आणि हिचे आणखी नुकसान केले. परंतु बंगल्याबंगल्यांतील आचारी भाजी शोधीत निघाले, आणि मुंबईकर बायका करवंदे कोठे म्हणोन विचारू लागल्या, आणि टांगेवाल्यांनी त्यांस वडाकडे नेले, आणि मग टांगे तेथेच उभे राहू लागले, आणि टांगेवाले उभे म्हणोन सोपान चहावाल्याने आपली शेगडी ठेसणावरोन हलविली, आणि चहा आहे म्हणोन भजी आली, आणि भज्यांमागे न्हावी आला. आठवडा सरला नाही तोच वडाखाली ऐसी गर्दी लोटली की बजरंगरावांची मोटार फाटकाबाहेर निघेना. दुपारी निद्रा करावी तर घोडे खिंकाळत. इकडे ठेसणासमोर तीन मासे तोंडातून पाणी उडवीत आणि कोणी पाहावयास थांबत नसे.

सर्वांत मोठा फितवा घरातच जाहला. बजरंगरावांच्या पत्नी नंदाबाई या मौजे नवलाख उंबरे येथील भरल्या घरातील लेक, आणि बंगला बांधिल्यापासोन त्यांस दिवसभर बोलावयास माणूस नव्हते. त्या प्रथम फाटकाआडोन भाजी घेत. मग फाटक उघडोन घेऊ लागल्या, आणि मग कस्तुराबाईंशेजारी पोते टाकोन बसोनच मेथी निवडू लागल्या. बजरंगरावांनी आत बोलाविले तेव्हा उत्तर पाठविले, "जेवण झाकून ठेवलंय. मी हितं हाय."

बजरंगरावांनी कोंडाजीस हुकूम केला की यांस उठवावे. कोंडाजीने भजी खाता खाता अर्ज केला की, साहेबांच्याच शिक्क्याने बसल्या आहेत, शिक्का मोडोन चालेल काय. तेव्हा सर्व उपाय हरोन महिपतरावांस बंगल्यावर बोलाविले.

बजरंगराव म्हणाले, "हे काय करून ठेवलंत?"

"मी काही केलं नाही. मध्य हलला," महिपतराव म्हणाले. "मी कंपास ठेसणावर रोवला होता, तिथंच चुकलो. मध्य या बायका बसतात तिथं असतो. आता वर्तुळं इथून मोजायची."

"म्हणजे माझा बंगला?"

"फाटकापर्यंत पहिल्या वर्तुळात आहे."

"आणि फाटकाच्या आत?"

"आत दुसरं वर्तुळ. शास्त्राप्रमाणे आपली घडी विस्कटलेली धरावी लागेल."

बजरंगरावांनी खिडकीबाहेर पाहिले. नंदाबाई कोणत्या तरी गोष्टीवर तोंडास पदर लावोन हसत होत्या, आणि ते हसणे बजरंगरावांनी फार वर्षांत ऐकिले नव्हते. मग बसा म्हणाले, आणि दोघांत तहाचे बोलणे सुरू जाहले.

तह ऐसा ठरला की, जांभळीखालील जागा पूर्ववत बायकांची. कारंजे राहावे, परंतु हौदात भाजी धुवावयास मुभा असावी. मंडळीने मागील फर्मान रद्द जाहल्याची दवंडी त्याच ढोलकावर पिटावी. नंदाबाईंनी पाहिजे तेव्हा टांग्याने जांभळीखाली जावे, त्यास कोणी हरकत घेऊ नये. हे शेवटचे कलम बायकांच्या बाजूने कोणी मागितले नव्हते, ते खुद्द नंदाबाईंनी फाटकातून सांगोन घालावयास लाविले. आणि महिपतरावांनी नगरशास्त्री या पदाचा त्याग करावा, हे कलम बजरंगरावांनी घातले, त्यास महिपतरावांनी मान्यता दिली.

मग मोठ्या इतमामाने सारे सैन्य परतले. पुढे दुधाची चरवी, मागे पाट्या, मागे सोपानाची पेटती शेगडी. कस्तुराबाईंनी आपली जागा घेतली, येसूने आपली. सावित्राबाईने खाली टेकोन पाटीवरची पाने काढिली. पाटी अर्धीच होती. या धामधुमीत करवंदाचे दिवस सरत आले होते आणि झाडांवर आता सुरकुतलेली तेवढी उरली होती. मीठ मिळेल, लुगडे यंदा नाही, ऐसे तिने येसूस हळूच सांगितले, आणि महिपतरावांनी ते ऐकिले, आणि फत्ते जाहली या शब्दाचा उच्चार त्या दिवशी त्यांनी केला नाही.

सायंकाळी सावित्राबाईनेच विचारिले, "आता तुमी कुटं जानार?"

"कुटंच न्हाई. नोकरी ग्येली. बसावं म्हंतो हितं, तुमचं बघत."

"काय करनार बघून?"

"पुन्यांदा लिवीन. ह्या वक्ताला इचारून."

तिने कस्तुराबाईंकडे पाहिले. दोघींनी काही मसलत केली. मग कस्तुराबाईंनी निवाडा सांगितला, "बस. पर सावलीतल्या जागा ठरल्याल्या हायेत, त्या कुनाच्या हलायच्या न्हाईत. तू तितं उनात बस."

येणेप्रमाणे लोणावळ्याचे मध्यवर्तुळ कस्तुराबाई, सावित्राबाई व येसू यांनी काबीज करोन अंमल बसविला, बजरंगराव ठेकेदार यांनी तह पाळिला, आणि महिपतराव बिन रखमाजी, वस्ती कान्हे, यांस जांभळीच्या पश्चिम अंगास, सावली जेथे सरते त्यापुढील उन्हातील जागा बायकांनी एकमुखाने इनाम करोन दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. ही मोहीम येथे संपूर्ण जाहली असे.